नाबोथाचा द्राक्षमळा आणि गावचे वतन

मराठी पवित्र शास्त्राच्या वाचकास 'वतन' हा शब्द अपरिचित नाही. यहोशवाने कनान देश इस्राएलाच्या वंशांना वाटून दिला तो वतन म्हणून. इज्रेलकर नाबोथाने अहाब राजाला आपला द्राक्षमळा नाकारला, कारण ते त्याच्या पूर्वजांचे वतन होते. प्रेषित पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभी विश्वासणाऱ्यांपुढे जो अविनाशी ठेवा ठेवतो, त्यालाही आमच्या भाषांतरात वतन हेच नाव मिळाले आहे. हिब्रू 'नहला' आणि ग्रीक 'क्लेरोनोमिया' ह्या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधताना भाषांतरकारांनी पंडितांच्या कोशाकडे न पाहता गावच्या दप्तराकडे पाहिले. शब्द नेमका होता, यात शंका नाही. परंतु दप्तरातून उचललेला शब्द आपल्याबरोबर दप्तराचा इतिहासही घेऊन येतो.

व्यासपीठावरून हा शब्द उच्चारला गेला म्हणजे सर्व श्रोत्यांच्या मनात एकच अर्थ उमटत नाही. ज्याचे पूर्वज पाटील किंवा देशमुख होते त्याला त्यात जमीन, वाडा आणि मानपान दिसते. ज्याचे पूर्वज गावकीची कामे करीत होते त्याला त्यात रात्री-अपरात्री येणारी हाक ऐकू येते. इंदूर, ग्वाल्हेर येथील आमच्या तरुणांचे शिक्षण हिंदीत होते. त्यांना वतन म्हणजे मायदेश एवढेच ठाऊक असते. उपदेशकाने हे ध्यानात घेतले नाही, तर पवित्र शास्त्रातील वतनावर गावच्या वतनाची छाया पडते, आणि देवाने आपल्या लोकांना दिलेला वाटा हा जणू वरिष्ठांच्या मिरासदारीला मिळालेला दैवी आधार होय, असा विपरीत बोध श्रोता घरी घेऊन जातो.

वारशाने आलेली संपत्ती राजसत्तेला कसा आकार देते आणि वारसदाराच्या मनाला कोणते वळण लावते, हे आमच्या प्रदेशाच्या इतिहासावरून पाहावे, व त्या प्रकाशात पवित्र शास्त्रातील वतनाचा निराळेपणा स्पष्ट करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. गावच्या वतनाचे स्वरूप

'वतन' हा शब्द मूळचा अरबी. दख्खनच्या मुसलमानी राजवटींच्या काळात तो मराठीत रुळला आणि त्याला 'पिढीजात हक्क' असा अर्थ आला. गावी पाटील व कुलकर्णी, परगण्यात देशमुख व देशपांडे हे प्रमुख वतनदार. त्यांच्या वतनात तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असत: जमीन किंवा उत्पन्नाचा वाटा, सरकारी अधिकार, आणि मान. पाटील गावचा सारा गोळा करी, तंटे सोडवी, शांतता राखी. त्याबद्दल त्याला इनाम जमीन व हक्क मिळत. आणि होळीच्या पोळीचा, पोळ्याच्या दिवशी पहिल्या बैलाचा, टिळा-विड्याचा मान त्याच्या घरी जाई. ह्या तिन्ही गोष्टी बापाकडून मुलाकडे एकत्रच जात.

आजच्या भाषेत आपण संपत्ती, सत्ता व प्रतिष्ठा असे तीन निराळे शब्द वापरतो. वतनसंस्थेत ते तीन नव्हते, एकच होते. जमीन होती म्हणून अधिकार टिके. अधिकार होता म्हणून जमीन राखता येई. आणि मान ह्या दोहोंवर पांघरूण घालून ती व्यवस्था सृष्टिक्रमाइतकी स्वाभाविक भासवी. जुन्या मराठी कागदपत्रांत मानपानाच्या तंट्यांचे निवाडे विपुल आढळतात. दोन भाऊबंदांपैकी वडीलपणा कोणाचा, विडा आधी कोणी घ्यावा, ह्यासाठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडली आहेत. हे हास्यास्पद वाटेल. पण भांडणाऱ्यांना पक्के ठाऊक होते की, पहिला विडा ज्याच्या हाती, त्याच्याच हाती उद्या गावही राहणार.

२. राजालाही पुरून उरणारे

राजे बदलत, वतनदार राहत. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मोगल आले. गावचा पाटील व परगण्याचा देशमुख मात्र तोच. शिवाजी महाराजांनी ह्या मंडळींच्या तटबंदीच्या वाड्यांवर व मनमानी वसुलीवर अंकुश ठेवला, हे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. तथापि राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी जीवनमरणाचा झगडा चालू असता सरदारांना आपल्या पक्षात राखण्यासाठी वतने देण्याचा क्रम पुन्हा वाढला. मोगलही तेच आमिष दाखवीत होते.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी ह्या वर्गाचे जे विश्लेषण केले आहे ते आजही मननीय आहे. वतनदार नावाला प्रजा असले तरी वस्तुतः ते लहान लहान स्वतंत्र सत्ताधीश व राज्याचे भागीदारच असतात. आहे त्यावर त्यांचे समाधान नसते. परचक्र आले की वतन राखण्यासाठी ते शत्रूशी आधी संधान बांधतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्यांना समूळ काढणेही योग्य नव्हे, मोकळे सोडणेही योग्य नव्हे, स्नेह व दंड यांच्या मध्ये ठेवावे, असा त्यांनी सल्ला दिला. अमात्य स्वतः राज्यकर्त्या वर्गातील होते, कोणी बंडखोर नव्हते. त्यांच्या साक्षीचे मोल म्हणूनच अधिक. वंशपरंपरेने आलेली मालमत्ता जेव्हा सत्तेशी जोडलेली असते तेव्हा तिच्या धन्याची पहिली निष्ठा राज्याशी किंवा रयतेशी न राहता त्या मालमत्तेशी राहते, हे त्यांनी ओळखले होते.

इंग्रजी अमलातही हेच घडले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या कमिशनला अधिकार मिळाले, आणि दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर मोठा असंतोष पसरला. पुढे सरकारने सामोपचार स्वीकारला. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत ग्रामाधिकाऱ्यांची पद्धत नियमबद्ध करून ती राज्ययंत्रणेचाच भाग केली. परकीय राज्यकर्त्यालाही गाव चालवावयाचे तर जुन्या वारसदारांवाचून गत्यंतर नव्हते.

३. तळाचे वतन

वारसा केवळ धनवंतालाच बांधतो असे नाही. महार वतन हे त्याचे ठळक उदाहरण. गावची राखण, सरकारी निरोप पोचविणे, अधिकाऱ्यांची सरबराई, सीमेच्या तंट्यात साक्ष, मेलेली जनावरे ओढणे, अशी कामे ह्या वतनदारांकडे पिढीजात होती. मोबदला म्हणून थोडी जमीन व बलुते. जमिनीचे तुकडे भाऊबंदांत वाटता वाटता नाममात्र उरले. कामाचे मात्र तुकडे झाले नाहीत. दिवस असो वा रात्र, हाक आली की घरातील कोणीतरी गेलेच पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ह्याच कारणासाठी. ह्या तुटपुंज्या जमिनीच्या लोभाने समाज गावाच्या दास्यात अडकून पडला आहे, हे त्यांनी आपल्या लोकांना परोपरीने सांगितले. 'वतन' हा मानाचा शब्द दास्यालाही लावला गेला होता, आणि त्या शब्दाच्या गोडीने बेडीही दागिना वाटू लागली होती. आमच्या अनेक मंडळ्यांचे मूळ ह्याच वस्त्यांतून आले आहे. त्यांच्यापुढे वतनावर उपदेश करताना ह्या इतिहासाचे विस्मरण होऊ देणे हा निष्काळजीपणा ठरेल.

येथे आणखी एका कायद्याचे स्मरण करणे उचित होईल. धर्मांतर करणाऱ्याला वडिलार्जित मालमत्तेवरील हक्कास मुकावे लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात बदलल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क नष्ट होणार नाही, असे ठरविले. म्हणजे ज्याला वारशातून काढून टाकले आहे अशा माणसाचे दुःख काय असते, हे भारतातील ख्रिस्ती मंडळीला अनुभवाने ठाऊक आहे. हे ज्ञान आम्ही विसरलो तर आमच्याइतके कृतघ्न कोणी नाही.

४. कायद्याने वतन गेले, पुढे काय?

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची रांगच लागली. हैद्राबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या. मुंबई राज्यातील परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर मध्य भारतातील जहागिऱ्या १९५१ च्या कायद्याने संपुष्टात आल्या. कनिष्ठ ग्रामवतनांसाठी मुंबई राज्यात १९५८ चा कायदा झाला. बेळगाव जिल्हा तोवर म्हैसूर राज्यात गेला होता. तेथे १९६१ चा ग्रामाधिकार रद्द करणारा कायदा लागू झाला. गोव्यात १९६४ च्या कूळकायद्याने व १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने भाटकाराच्या अधिकाराला प्रथमच मर्यादा पडली. संस्थानिकांचे तनखे व मान्यता १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपली.

ह्या सुधारणांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कायदा पद काढून घेऊ शकतो. पदाभोवती शतकानुशतके जमलेले शिक्षण, ओळखी, वाड्यावर येण्याजाण्याची लोकांची सवय आणि बोलण्यातील अधिकार तो काढून घेऊ शकत नाही. ग्वाल्हेरचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील महाराजांचा वार्षिक तनखा २५ लाख रुपयांचा होता. तनखा जाण्यापूर्वीच, १९५७ साली, राजमाता विजयाराजे शिंदे गुणा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या होत्या. त्यानंतर त्या घराण्यातील व्यक्ती निरनिराळ्या, प्रसंगी परस्परविरोधी, पक्षांतून निवडून येत राहिल्या. १९६७ साली मध्य प्रदेशातील द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले आणि २०२० साली कमलनाथ यांचे. दोन्ही प्रसंगी ह्याच घराण्यातील व्यक्तीची भूमिका निर्णायक ठरली. पक्ष बदलला तरी अनुयायी बरोबर गेले, ही गोष्ट सूचक आहे. निष्ठा पक्षाच्या तत्त्वाला नव्हती, घराला होती. तथापि त्याच गुणा मतदारसंघात २०१९ साली घराण्याच्या वारसाचा पराभव झाला व २०२४ साली तो पुन्हा विजयी झाला, हेही सांगितले पाहिजे. मतपेटीने वारशाला नष्ट केले नाही. पण त्याला दर पाच वर्षांनी लोकांच्या दारी उभे केले. लोकशाहीचा हा लाभ लहान नव्हे.

दुसरीकडे, मोठ्या वारशावरील कर देशाने हळूहळू सोडून दिला. १९५३ साली सुरू झालेला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. १९५७ चा संपत्तिकर २०१५ च्या वित्त कायद्याने बंद झाला. हे कर वसुलीच्या दृष्टीने किफायतशीर नव्हते, असे त्याचे कारण सांगण्यात आले. त्या कारणाची छाननी अर्थशास्त्रज्ञ करोत. आम्हांस एवढेच नमूद करावयाचे आहे की, जमिनीच्या जुन्या वतनावर जे बंधन आले, तसे रोख्यांच्या, शहरी जागांच्या व कारखान्यांच्या नव्या वतनावर आले नाही.

५. वारसदाराचे मन

वारसा माणसाच्या विचारावर कोणते संस्कार करतो? आमच्या मते तीन.

पहिला संस्कार असा की, मिळालेले हे कमावलेले वाटू लागते. जो तिसऱ्या मजल्यावर जन्मला त्याला जिना चढल्याचे आठवत नाही, म्हणून खालच्यांना चढता येत नाही ह्याचे कारण त्यांचा आळस असावा, असे तो प्रामाणिकपणे समजतो. हा ढोंगीपणा नव्हे. आणि म्हणूनच त्यावर उपाय कठीण आहे.

दुसरा संस्कार असा की, कर्तव्याचे रूपांतर उपकारात होते. रयतेचे जे देणे आहे ते दान म्हणून दिले जाते, आणि घेणाऱ्याने हात जोडावेत अशी अपेक्षा राहते. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्याला मोठा अपवाद. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या साध्या घरातून १८७५ साली ते दत्तक गेले. गादी त्यांना आयती मिळाली हे खरे; पण १९०६ साली त्यांनी आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते दान म्हणून नव्हे, राज्याचे कर्तव्य म्हणून. १९१३ साली आंबेडकर अमेरिकेला शिकावयास गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. परंतु तेच आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्या नगरीत त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका वारसदाराचे अंतःकरण उदार असले, म्हणून हजारो घरांतून वारशाने आलेला उच्चनीचभाव विरघळत नाही. चांगला धनी मिळणे ही कृपा होय. ती न्यायाची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा संस्कार असा की, विशेष हक्क गेला तर अन्याय झाल्यासारखे वाटते. तनखे रद्द होताना हा स्वर ऐकू आला होता. पण तो राजवाड्यांपुरता नव्हता. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांच्या दाव्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, आणि मुली समान वारस ठरल्या. त्या वेळी सर्वांत मोठा विरोध झाला तो ख्रिस्ती घरांतून आणि मंडळ्यांच्या पुढाऱ्यांकडून. ज्यांनी रोज प्रार्थनेत देवाला पिता म्हटले, त्यांना त्या पित्याच्या मुलींचा वाटा जड वाटला.

६. पवित्र शास्त्रातील वतन

आता पवित्र शास्त्राकडे वळू. गणनेच्या व यहोशवाच्या पुस्तकांत देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकून, वंशाच्या संख्येप्रमाणे होते. पराक्रम केला म्हणून कोणा सरदाराला परगणा तोडून द्यावा, हा तेथील सर्वसाधारण नियम नाही. प्रत्येक कुळाला उभे राहण्यापुरती भूमी मिळावी, हा हेतू. गावच्या वतनाने थोड्यांना पुष्कळ दिले. इस्राएलाच्या वतनाने सर्वांना पुरेसे द्यावे, अशी योजना होती. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाचे वतन त्यांना मिळाले (गणना २७), ही कथा ह्याच योजनेतील आहे. छत्तिसाव्या अध्यायात त्यांच्या विवाहावर वंशाची मर्यादा घातली गेली, हेही वाचकापासून लपवू नये.

लेवीय २५ मध्ये ह्या व्यवस्थेचा पाया सांगितला आहे: भूमी देवाची आहे, म्हणून ती कायमची विकता येत नाही. पन्नासाव्या, म्हणजे योबेलाच्या, वर्षी ती मूळ कुळाकडे परत जावी. मधल्या काळात विकले जाते ते भूमी नव्हे, पिके. योबेल प्रत्यक्षात पाळले गेल्याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही. तरी नियमशास्त्राने आदर्श सोडला नाही. आमच्या गावांत जमीन धारण करणाऱ्यांचे दोन वर्ग असत: पिढीजात हक्काचा मिरासदार आणि ज्याला कायमचा हक्क नाही तो उपरी. लेवीयातील वचनाचा अर्थ गावच्या भाषेत सांगावयाचा तर असा की, देवाच्या भूमीवर कोणीही मिरासदार नाही. राजापासून रंकापर्यंत सारे उपरी आहेत. आणि इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, जे उपरी होते ते ख्रिस्तामध्ये देवाच्या घरचे झाले. ही दोन्ही वचने एकत्र वाचावीत. पहिले मिरासदाराचा गर्व उतरविते; दुसरे उपऱ्याचे मस्तक वर करते.

ह्या पार्श्वभूमीवर नाबोथाची कथा पाहा (१ राजे २१). नाबोथ हा हट्टी जमीनदार नव्हे. राजाने बदली मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. व्यवहार वरकरणी वाजवीच होता. परंतु नाबोथाच्या दृष्टीने ती भूमी विकण्याचा अधिकारच त्याला नव्हता. अहाबाला हे समजले नाही, कारण राजघराण्यात भूमी म्हणजे सत्तेचा विस्तार. ईजबेलीने राजमुद्रेची पत्रे धाडली. आणि गावच्या वडील व प्रतिष्ठित जनांनी चकार शब्द न काढता उपास जाहीर केला, खोटे साक्षी उभे केले, निकाल दिला. नाबोथाचा खून कायद्याच्या आणि धर्मविधीच्या वेषात झाला. २ राजे ९ वरून दिसते की, त्याच्या पुत्रांचाही घात झाला. म्हणजे मळ्याबरोबर वारसही नाहीसे केले. येथे अहाब आणि ईजबेल यांच्याइतकाच दोष त्या प्रतिष्ठितांच्या मौनाकडे जातो. सत्तेच्या छायेत ज्यांची घरे उभी आहेत त्यांना पत्र आले की उपास जाहीर करणे सोपे जाते.

संदेष्ट्यांनी ह्याचा पाठपुरावा केला. यशया ५ व मीखा २ येथे घराला घर व शेताला शेत जोडणाऱ्यांस धिक्कारले आहे. यहेज्केलाने तर भावी अधिपतीसाठी स्पष्ट नियम घातला (४६:१६-१८): त्याने आपल्या पुत्रांना द्यावयाचे ते स्वतःच्या मालमत्तेतून द्यावे, प्रजेचे वतन हिरावून देऊ नये. राजघराण्याचा वारसा आणि प्रजेचा वाटा यांच्यामध्ये ओढलेली ही रेषा आजच्या कोणत्याही राज्यघटनेला भूषणावह ठरेल.

प्रभू येशूकडे एकदा दोघा भावांतील वारशाचा तंटा आला (लूक १२). त्याने निवाडा करण्याचे नाकारले आणि लोभाविषयी इशारा देऊन कोठारे वाढविणाऱ्या धनवानाचा दाखला सांगितला. वारशाचा न्याय क्षुल्लक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. वाटणी बरोबर झाली तरी मन वतनाला जखडलेलेच राहू शकते, हे त्याला दाखवावयाचे होते. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सर्व विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताबरोबरचे सोबतीचे वारस म्हणतो. गावच्या वतनात एक वाटेकरी वाढला की दुसऱ्याचा वाटा घटतो. ह्या वतनात तसे होत नाही.

७. मंडळीतील वतने

हे सर्व सांगून झाल्यावर आम्ही आपल्या घराकडे पाहिले नाही, तर लेख अपुरा राहील. मंडळीच्या पंचकमिटीत तीन पिढ्या एकाच आडनावाची माणसे असणे, मिशनच्या आवारातील घरे व शाळांच्या नोकऱ्या ठरावीक कुटुंबांत फिरत राहणे, वडिलांनी दिलेल्या घंटेमुळे मुलाला पाळकाच्या नेमणुकीत मत असणे, ह्या गोष्टी आमच्या वाचकांस समजावून सांगाव्या लागतील असे वाटत नाही. गोव्यातील काही गावांत मुख्य सणाचा मान आणि कॉन्फ्रारियाचे सभासदत्व गावकार घराण्यांपुरते मर्यादित राहिले व त्यावरून दीर्घकाळ तंटे झाले. वेदीजवळचा मान आणि होळीच्या पोळीचा मान यांत फरक तो कोणता?

पाळकवर्गाला ह्यात विशेष जपले पाहिजे. अहरोनाच्या घराण्याला व लेव्यांना देशात वतन नव्हते. देव हेच त्यांचे वतन. त्यांना राहावयास नगरे व गुरांसाठी माळ मिळाले, पण वंशाचा वाटा मिळाला नाही. ह्यात स्वातंत्र्य होते, तशी परीक्षाही होती. शास्ते १७ मधील तरुण लेवी आठवावा. मीखा नावाच्या सधन गृहस्थाने आईच्या रुप्यातून घडलेली मूर्ती घरी स्थापिली आणि ह्या लेव्याला वर्षाला दहा रुपये, एक पोशाख व अन्न देऊन आपला खासगी याजक नेमले. पुढे दानाच्या वंशाने अधिक मोठी जागा देऊ केली, तेव्हा तो आनंदाने तिकडे गेला. ज्याच्याजवळ वतन नाही त्याला वतनदाराचा आश्रय गोड वाटतो. मोठ्या घराण्याच्या लग्नातील व अंत्यविधीतील आमची भाषा आणि मजुराच्या अंत्यविधीतील आमची भाषा ह्यांत जेवढे अंतर, तेवढे आम्ही त्या लेव्याच्या जवळ.

म्हणून उपदेशकांनी व धर्मशिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, वतनाचा शास्त्रपाठ येईल तेव्हा दोन वतनांतील भेद स्पष्ट सांगावा: एक थोड्यांकडे साठणारे, दुसरे सर्वांना उभे करणारे.

दुसरी, मुलींच्या वाट्याविषयी मौन सोडावे. भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती मुलगा व मुलगी समान वारस आहेत. गोव्यातही पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या परंपरेने मुलीचा हक्क सुरक्षित आहे. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत ख्रिस्ती घरांत चालू आहे. बहीण खुशीने देत असेल तर देवो. पण तिला आपला हक्क ठाऊक आहे की नाही, हे पाळकाने विचारावे. सलाफहादाच्या मुलींना मोशे भेटला. आमच्या मुलींना निदान पाळक भेटावा.

तिसरी, मंडळीतील पदांची मुदत ठरवावी आणि ती संपली की पद सोडण्याचा परिपाठ ठेवावा. योबेल देशात आले नाही, तरी पंचकमिटीत येण्यास कोणती अडचण आहे?

चौथी, निवडणुकीच्या काळात मोठ्या घराण्याचे उमेदवार मंदिरात येतात. त्यांचे स्वागत करावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. परंतु याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय ध्यानात ठेवून त्यांच्यासाठी पहिली रांग रिकामी करू नये, आणि मंडळीची मते कोणाच्याही पदरात टाकू नयेत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात कुप्र बेटाच्या एका लेव्याचा उल्लेख आहे. लेवी असूनही त्याच्याजवळ शेत होते. ते त्याने विकले, पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवले, आणि गरजवंतांना वाटू दिले. योसेफ हे त्याचे जन्मनाव. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे धीर देणारा, असे नाव दिले. पुढे मंडळीने ज्या शौलाला भिऊन दूर ठेवले होते त्याचा हात धरून त्याला आत आणणारा हाच बर्णबा होता. ज्याने आपले शेत सोडले त्यालाच परक्यासाठी दार उघडता आले.